आत येणारा आजार, बाहेर जाणारा आजार

भारतात एचआयव्ही येऊन पोचला आहे हे पहिल्यांदा कळलं ते अटकेतल्या बायकांच्या रक्तातून. साल 1986. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना त्यांच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी प्रबंधासाठी विषय सुचवला: आपल्याकडे एड्सचा विषाणू आहे का, शोध. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. एड्स हा परदेशी लोकांचा रोग, आपल्याला त्याचं काय, असं शिकलेली माणसंही तेव्हा बिनदिक्कत म्हणत. निर्मलांना शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे नमुने हवे होते, पण मुंबईत जशी कामाठीपुऱ्याची वेगळी वस्ती होती तशी मद्रासमध्ये नव्हती. म्हणून पोलिसांनी पकडलेल्या बायकांना जिथे ठेवत त्या सरकारी गृहात त्या गेल्या. ऐंशीच्या आसपास नमुने जमले, रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले, आणि त्यातले सहा बाधित निघाले.

त्या बायकांना वाटलं होतं, नेहमीच्या गुप्तरोगांसाठीच रक्त घेताहेत. एड्सचं नाव आपण त्यांच्याकडे काढलंच नव्हतं, हे निर्मलांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण हेही नोंदवलं पाहिजे की अटकेतल्या बाईला ‘रक्त देणार नाही’ म्हणायची सोय फारशी नसते. देशाला आपल्या साथीची पहिली खबर मिळाली ती ज्यांना नकार देता येत नव्हता अशांकडून. तुरुंग आणि लैंगिक आजार यांचं नातं समजून घेताना ही गोष्ट सतत मनात ठेवावी लागते.

आता नागपुरात येऊ. वर्धा रोडवर रहाटे कॉलनी ते अजनी चौक या पट्ट्यातून रोज हजारो माणसं जातात, आता वरून मेट्रोही जाते. तिथल्या उंच भिंतीआड 1864 पासूनचं मध्यवर्ती कारागृह आहे. लोकांना ते ठाऊक आहे ते याकूब मेमनच्या फाशीमुळे, तिथल्या अंडा सेलमुळे, अरुण गवळीमुळे. वर्तमानपत्रात जेल येतं ते अशा नावांसोबत. पण जेलची खरी वस्ती या नावांची नसते. ती असते चोरी, मारामारी, दारूबंदी, अमली पदार्थ, घरगुती भांडणातून झालेला खून अशा गुन्ह्यांत पकडलेल्या, बहुतेक तरुण, बहुतेक गरीब माणसांची. त्यातले बहुतांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे न्यायाधीन बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, जागा होती 4,36,266 जणांची, आणि दर चारातले तीन कच्चे कैदी होते. महाराष्ट्रात हे प्रमाण पाचातले चार, आणि गर्दी मंजूर क्षमतेच्या दीडपटीहून जास्त.

यापेक्षाही महत्त्वाचा एक आकडा आहे, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. 2021 साली देशातल्या तुरुंगांत वर्षभरात आत आलेल्यांची संख्या 18 लाखांच्या वर होती. वर्षअखेरीस प्रत्यक्ष आत होते साडेपाच लाख. म्हणजे एवढी माणसं जामीन घेऊन, सुटून, बदली होऊन बाहेर पडत होती आणि नवी येत होती. जेल म्हणजे साचलेलं डबकं अशी आपली समजूत असते, प्रत्यक्षात ते एसटी स्टँडसारखं आहे. तिथून जाणारा प्रत्येक जण कुठल्या तरी घरी पोचतो, उत्तर नागपुरात, हिंगण्यात, गोंदियाच्या गावात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, 2019 च्या पाहणीत मध्यवर्ती कारागृहांतल्या बंद्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 2.1 टक्के आढळलं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांमध्ये ते 0.22 टक्के होतं. जवळजवळ दहापट. हा आकडा ऐकला की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आत काय काय चालतं कोण जाणे!’

आत काय चालतं ते पाहूच. पण आधी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या तुरुंगांत 2005 मध्ये सुमारे 45 हजार पुरुष बंदी होते. त्यातले 856 एचआयव्हीबाधित. तिथे प्रवेशाच्या वेळी तपासणी होत असल्याने कोण कधी बाधित झाला हे पाहता आलं. 91 टक्के आत येतानाच बाधित होते. गजाआड राहताना लागण झाल्याचं आढळलेले एकूण 88 जण होते, तेही बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासून, आणि त्यांची लागण पुरुषांमधल्या लैंगिक संबंधांशी व जेलमध्ये गोंदवून घेण्याशी जोडलेली दिसली. 88 हा आकडा क्षुल्लक नाही. सरकारच्या ताब्यात असताना झालेली एकही लागण क्षुल्लक नसते. पण मुख्य चित्र उलट आहे. आजार प्रामुख्याने बाहेरून आत येतो. ज्या गरिबीमुळे, नशेमुळे, स्थलांतरामुळे माणूस पोलिसांच्या हाती लागतो, त्याच गोष्टींमुळे तो दवाखान्यापासून लांब राहिलेला असतो. कित्येकांच्या आयुष्यात डॉक्टरने पहिल्यांदा नीट तपासलं ते जेलमध्ये. 1894 च्या तुरुंग कायद्यातच आलेल्या प्रत्येक बंद्याची वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवायची तरतूद होती. अर्थात तेव्हा उद्देश होता हा माणूस किती मजुरी करू शकेल हे बघण्याचा.

आतली लागण कशी होते? तीन वाटा आहेत. पहिली लैंगिक संबंधांची. काही संबंध ओढीतून होतात, काही विडीच्या बंडलासाठी, कॅन्टीनच्या कुपनासाठी, झोपायला बरी जागा मिळावी म्हणून, आणि काही सरळ जबरदस्तीने. ज्या बराकीत माणूस कुशीवर वळला तर शेजाऱ्याला लागतो, तिथे दुबळ्या पोराचं रक्षण कोण करणार? दुसरी वाट सुईची. स्कॉटलंडच्या ग्लेनोकिल तुरुंगात 1993 मध्ये आणि लिथुआनियातल्या अलिटस इथे 2002 मध्ये एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्हीचा उद्रेक झाला. अलिटसमध्ये काही महिन्यांत अडीचशेहून जास्त बंदी बाधित निघाले. आपल्याकडे उत्तराखंडातल्या हल्द्वानी कारागृहात एप्रिल 2023 मध्ये 44 बंदी बाधित असल्याची बातमी आली तेव्हा खळबळ उडाली. तिसरी वाट गोंदणाची आणि वस्तऱ्याची. बाहेर सलूनमध्ये आपण नवं ब्लेड मागतो, आत ते मागता येतंच असं नाही. वस्तऱ्याच्या बाबतीत मला एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बी ची धास्ती जास्त वाटते. तो विषाणू कितीतरी पटींनी सहज लागतो, वाळलेल्या रक्तात दिवसेंदिवस तग धरतो, आणि त्यावर लस उपलब्ध आहे. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. सहा महिने आत असलेल्या माणसाला लस पूर्ण देणं बाहेरच्या माणसाला देण्यापेक्षा सोपं आहे, तो तारखेला हजरच असतो.

एचआयव्हीचा एवढा गाजावाजा झाला की बाकीचे जुने आजार मागे पडले. गरमी आणि परमा म्हणून आजोबांच्या पिढीला माहीत असलेले उपदंश आणि पूयप्रमेह अजून आहेत. उपदंश तर फारच लबाड. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक फोड येऊन व्रण होतो. तो दुखत नाही. काही आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो, आणि माणूस म्हणतो, झालं, गेलं. मग अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. रक्ताच्या तपासणीत मात्र तो सापडतो, आणि सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका मात्रेत, 24 लाख युनिटांत, बरा होतो. न सापडल्यास हृदय, मेंदू, मज्जारज्जू यांपर्यंत जातो, आणि गरोदर स्त्रीकडून बाळाला होतो. इतकी स्वस्त तपासणी आणि इतका स्वस्त उपचार असलेला दुसरा गंभीर आजार शोधून सापडणार नाही.

जेलच्या दवाखान्यात आणखी एक घोळ होतो. बराकीतली नेहमीची तक्रार म्हणजे खाज. दाटीवाटीत, अपुऱ्या पाण्यात, एकमेकांच्या पांघरुणात खरूज आणि नायटा पसरतात, आणि दोन्हींना जांघेचा भाग आवडतो. त्यामुळे जांघेत काहीही झालं की ‘खाजेचं मलम’ मिळतं. खरा व्रण असलेला माणूस त्याच रांगेत, तेच मलम घेऊन परत जातो. कारण डॉक्टरसमोर लंगोट सोडून दाखवायचं तर खोलीत शिपाई असतो, औषध वाटणारा दुसरा बंदी असतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सर्कलला बातमी लागते.

सरकारी पद्धतीत यावर एक शहाणा तोडगा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार करायचे. त्यासाठी नॅकोने रंगवार औषधांची पाकिटं बनवली. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, योनिस्रावासाठी हिरवं, व्रणासाठी पांढरं, पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास निळं, नागिणीच्या जातीच्या फोडांना लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती फुकट मिळतात. जेलसारख्या ठिकाणी, जिथे मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, न्यायला पोलिसांचा गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख चुकते, तिथे ही पाकिटं वरदान आहेत. उणीव एकच, पण मोठी: लक्षण असेल तरच ती कामाची. बायकांमध्ये परमा आणि क्लॅमिडियाची लागण अनेकदा काहीही लक्षण न दाखवता गर्भाशयनलिकांपर्यंत जाते. महिला विभागात गर्दी कमी असते, म्हणून तिकडे लक्षही कमी जातं. तिथे आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुलंही राहतात, हे बऱ्याच नागपूरकरांना माहीत नसतं.

आजारी माणसाला कोंडलं की आजार कोंडला जातो, ही कल्पना आपल्या परिसरात जुनी आहे. नागपूरजवळची कामठी ही 1821 ची लष्करी छावणी. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिपायांमध्ये गरमी-परमा इतका वाढला की सरकारने 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा संसर्गजन्य रोग कायदा केला. कामठीसारख्या छावण्यांत ‘लॉक हॉस्पिटल’ चालली. छावणीतल्या शरीरविक्रय करणाऱ्या बायकांची नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत सक्तीने तपासायचं, रोग दिसला की बरी होईपर्यंत बंद ठेवायचं. शिपायाला तसं तपासणं मात्र त्याच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. परिणाम काय व्हायचा तोच झाला. बायका नोंदणी चुकवून लपू लागल्या, शिपाई रोग वाटत राहिले, आणि तेव्हाचं औषध म्हणजे पारा, जो रोग्यालाच खाई. 1888 मध्ये ही व्यवस्था गुंडाळावी लागली. नागपूरचं जेल 1864 चं आणि छावण्यांचा तो कायदाही 1864 चा, हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

शंभर वर्षांनी गोव्याने तेच केलं. डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडल्यावर फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात एकटं डांबलं. गुन्हा कुठलाच नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. 64 दिवस तो तिथे होता. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, वकील होते आनंद ग्रोव्हर. न्यायालयाने तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही, पण या खटल्यातून भारतात एचआयव्हीबाधितांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली. डॉमिनिक 1992 मध्ये गेला. 2017 साली संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि त्याने गोव्याची ती समजूत उलटी केली. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल परस्पर कुणाला सांगायचा नाही, आणि राज्याच्या ताब्यात असलेल्या प्रत्येकाला, मग तो पक्का कैदी असो, कच्चा असो की प्रतिबंधक स्थानबद्ध, प्रतिबंध, तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळण्याचा हक्क आहे.

प्रतिबंध या शब्दापाशी गाडी अडते. प्रतिबंधात निरोध येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्येच बंद्यांना निरोध उपलब्ध करून द्यावेत असं सांगितलं. कॅनडाने त्याच्या आधीच दिले. स्वित्झर्लंडने 1992 पासून काही तुरुंगांत स्वच्छ सुयासुद्धा दिल्या. आपल्याकडे तिहारमध्ये किरण बेदी महानिरीक्षक असताना हा विषय आला, त्यांनी नकार दिला. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने 1994 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, त्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम 377 लाच आव्हान होतं. त्या वेळच्या प्रशासनाचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं: जे कृत्य कायद्याने गुन्हा आहे त्यासाठी सरकारने साधन कसं पुरवायचं? सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळल्यावर ही सबब संपली. तरीही निरोध देणं म्हणजे आत संबंध होतात हे सरकारने लेखी मान्य करणं, आणि ते कुणालाच नको असतं.

दुसऱ्या बाजूने खड्डा आणखी खोल झाला. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि 377 पूर्णच गेलं. संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हे आधीच ठरलं होतं. पण प्रौढ पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्कारालाही आता स्वतंत्र कलम उरलेलं नाही. बराकीत एखाद्या विशीतल्या पोरावर जबरदस्ती झाली तर तक्रार मारहाणीच्या, बेकायदा अडवणुकीच्या कलमांत बसवायची. नागपूरच्या कारागृहात पुरुषांच्या विभागात ठेवलेल्या एका पारलिंगी स्त्रीने लैंगिक छळाचे आरोप केले होते. ‘द वायर’च्या तुरुंगविषयक लेखमालेत त्याबद्दल आलं. आरोपाचं खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण अशा व्यक्तीला कुठल्या बराकीत ठेवायचं याचा विचार ती आत येण्याआधी व्हायला हवा, आणि अत्याचारानंतर 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करायची असतात, हे जेलच्या रात्रपाळीच्या माणसाला माहीत असायला हवं.

उपचारांची बाजू मला जास्त आशादायक वाटते, कारण तिथे नीतिमत्तेचा वाद नाही. एचआयव्हीची औषधं 2004 पासून सरकार मोफत देतं. 2017 पासून बाधित आढळलेल्या प्रत्येकाला लगेच औषध, असं धोरण आहे. रोज एक गोळी. नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. नागपुरात मेडिकलमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं, केंद्र आहे, जेलपासून फार लांब नाही. 2023 च्या मे-जूनमध्ये देशभरच्या कारागृहांत लैंगिक आजार, एचआयव्ही, क्षय आणि हिपॅटायटिस यांच्या एकत्रित तपासणीची मोहीमही झाली. पण मोहीम महिनाभराची, आणि जेलच्या फाटकातून माणसं रोज येतात. आज आत आलेल्याची तपासणी निर्दोष निघाली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण नुकती झालेली लागण पहिल्या चाचणीत दिसतेच असं नाही.

उपचारांची साखळी तुटते ती दोन ठिकाणी. अटकेच्या वेळी आणि सुटकेच्या वेळी. पोलीस माणसाला रात्री उचलतात, गोळ्यांची बाटली घरच्या फळीवर राहते. कोठडीत तो सांगत नाही, कारण सांगितलं तर शेजारी झोपणारे लांब सरकतील. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, मग जेलची तपासणी, तोवर कित्येक दिवसांचा खंड पडतो, आणि खंड पडला की विषाणू औषधाला सरावू शकतो. सुटकेच्या वेळी उलट. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो, नाव पुकारतात, माणूस पिशवी घेऊन वर्धा रोडवर उभा. त्याचं एआरटीचं कार्ड आत, पुढची तारीख कुणी सांगितलेली नाही. अमरावतीला किंवा येरवड्याला बदली झालेल्याचंही हेच. फर्लोच्या रजेवर घरी गेलेला बंदी बायकोला भेटतो. त्याला रजेचा कागद देताना निरोधचं पाकीट आणि महिन्याच्या गोळ्या द्यायला कुठल्या संस्कृतीची हरकत असावी? पंजाबने सप्टेंबर 2022 पासून गोइंदवाल साहिबसह काही तुरुंगांत पती-पत्नीला एकांतभेट देऊन पाहिली. भेटीआधी आजारांच्या तपासणीची अटही घातली. महाराष्ट्राने मुलांच्या गळाभेटीपर्यंत मजल मारली आहे, तीही चांगलीच गोष्ट, पण पुढचं पाऊल टाकायला हरकत नाही.

तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी आत असेल तर मुलाखतीला जाताना वकिलाच्या फीबरोबर एवढं विचारा: आत आल्यावर रक्त तपासलं का, निकाल तुला सांगितला का, औषध चालू होतं ते मिळतंय का. मिळत नसेल तर अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, आणि 2017 चा कायदा तुमच्या बाजूने आहे. तो सुटून आला असेल तर पहिल्याच आठवड्यात दोघांनी, नवरा-बायको दोघांनी, मेडिकलच्या किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तपासणी केंद्रात जावं. तपासणी मोफत आहे, निकाल गुप्त राहतो. कुठे जायचं हे कळत नसेल तर 1097 हा नॅकोचा मोफत क्रमांक आहे.